गठ्ठा घरी कसा आला?

१० जून १८९० या दिवशी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पदरात रविवारची सुट्टी पडली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी सभा घेतल्या, अर्ज केले, कामगारांच्या सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे गिरणीमालक राजी झाले. या सुट्टीचा अर्थ कामगाराला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. रविवारी भोंगा नाही, भोंगा नाही म्हणजे काम नाही. माग पिशवीत घालून घरी नेता येत नाही.

उत्तरपत्रिका नेता येतात. शिक्षकाच्या रविवारची सगळी अडचण या एका साध्या गोष्टीत आहे. सहामाही परीक्षा संपली की शनिवारी दुपारी शाळेच्या दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या हातात सुतळीने बांधलेला एक गठ्ठा असतो. चार तुकड्या, प्रत्येकीत साठ मुले, एका पेपराला फक्त पाच मिनिटे असा हिशेब धरला, तरी बाराशे मिनिटे होतात, म्हणजे वीस तास. शाळेच्या वेळापत्रकात या वीस तासांना कुठलाच रकाना नाही. ते शनिवारच्या रात्रीतून आणि रविवारच्या सकाळीतून काढायचे. त्याच रविवारी दळण आणायचे असते, पाहुणे यायचे असतात आणि घरातल्या मुलाला स्वतःचा अभ्यास समजावून घ्यायचा असतो.

हे इतके अंगवळणी पडले आहे की शिक्षकी पेशा आणि गठ्ठा ही जोडी अनादी असावी असे वाटते. ती तशी नाही. शिकवणे फार जुने आहे, शिकलेले तपासणेही जुने आहे. पण तपासायचे काम घरी नेणे ही गेल्या पावणेदोनशे वर्षांतली गोष्ट आहे. ते घरी कसे आले आणि घरी आल्यावर त्या कामाचे काय झाले, हे पाहण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करणार आहोत. त्यात थोडे संख्याशास्त्र आहे आणि थोडी वीजही आहे.

धूळपाटीला गठ्ठा नसतो

आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षर गिरवी. पंतोजी बघत, चुकले तर तिथल्या तिथे सांगत (किंवा छडीने समजावत), आणि पाटीवरून हात फिरवला की लिहिलेले नाहीसे होई. पावकी, निमकी, औटकी हे सगळे तोंडीच. मुलाला किती येते हे गुरूला रोजच्या रोज कळत असे. पंतोजींची बाजू आम्हाला घ्यायची नाही; त्या छडीचे आणि त्या घोकंपट्टीचे समर्थन कोणी करू नये. पण एक गोष्ट खरी की पंतोजी घरी जाताना मोकळ्या हाताने जात. तपासणे हे शिकवण्याच्याच वेळेत होऊन जाई, कारण तपासण्यासाठी मागे काही उरतच नसे.

बाहेरच्या लोकांसमोर परीक्षा द्यायची असली तरी ती तोंडीच असे. १८५२ साली पुण्यात जोतीराव फुले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळांची परीक्षा झाली, तीही जाहीर, जमलेल्या लोकांसमोर. मुली उत्तरे देत होत्या आणि ऐकणारे आपापले मत बनवत होते. मुलींना शिकवून काय होणार असे विचारणाऱ्यांना इतके थेट उत्तर एखाद्या गुणपत्रकाने देता आले असते का, याची आम्हाला शंकाच आहे.

लेखी परीक्षेचा सर्वांत जुना मोठा प्रयोग चीनमध्ये झाला. सरकारी अधिकारी निवडण्याच्या तिथल्या परीक्षा शेकडो वर्षे चालल्या आणि १९०५ साली बंद झाल्या. परीक्षकाने कोणाची बाजू घेऊ नये म्हणून सोंग राजवटीत उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकायला सुरुवात झाली. पुढे अक्षरावरून माणूस ओळखू येऊ नये म्हणून कारकून सगळे पेपर पुन्हा उतरवून काढू लागले. मूळ पेपर काळ्या शाईत आणि परीक्षकासमोर जाणारी नक्कल तांबड्या शाईत. आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. परीक्षकांना परीक्षेच्या आवारातच कोंडून ठेवत. काम संपून निकाल लागेपर्यंत बाहेर पडायचे नाही आणि घरच्यांना भेटायचेही नाही. म्हणजे पेपर घरी जात नसे, परीक्षकच घरी जात नसे. हा उपाय कोणी आता सुचवू नये एवढीच विनंती! पण त्या राज्यकर्त्यांना एक गोष्ट नीट कळली होती: तपासणे हे पूर्ण वेळेचे काम आहे आणि त्यासाठी माणसाला इतर सगळ्या कामांतून सोडवावे लागते.

पस्तीस हजार नऊशे सत्तेचाळीस

शाळेतल्या लेखी परीक्षेची गोष्ट सांगायची तर अमेरिकेतल्या बॉस्टन शहरापासून सांगावी लागते. साल १८४५. तोपर्यंत तिथल्या शाळांची वार्षिक तपासणी आपल्याकडच्यासारखीच होती. समितीचे सभासद शाळेत येत, मुलांना उभे करून चार प्रश्न विचारत, मास्तरांचे कौतुक करत आणि निघून जात. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मान यांना हे पसंत नव्हते. शहरातल्या मुख्याध्यापकांशी त्यांचे आधीपासूनच वाजले होते. त्यांचे मित्र सॅम्युएल ग्रिडली हाउ हे डॉक्टर होते आणि अंधांच्या शाळेचे संचालकही. ते बॉस्टनच्या शाळा समितीवर निवडून आले आणि त्या उन्हाळ्यात समितीने छापील प्रश्नपत्रिका घेऊन शाळा गाठल्या. प्रश्न सगळ्यांना तेच, वेळ सगळ्यांना तितकाच, उत्तरे कागदावर.

सुमारे पाचशे तीस मुलांनी ही परीक्षा दिली. निकाल असा लागला: ५७,८७३ उत्तरे अपेक्षित होती, त्यांतली १७,२१६ बरोबर आली. विरामचिन्हांच्या चुका निघाल्या ३५,९४७.

हा शेवटचा आकडा वाचून आम्ही थांबलो. शिक्षणाच्या इतिहासात तो मुलांच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून सांगितला जातो. पण पस्तीस हजार नऊशे सत्तेचाळीस स्वल्पविराम आणि पूर्णविराम कोणीतरी बसून मोजले होते. एका मिनिटाला दहा चुका मोजल्या असे धरले, तरी नुसत्या या मोजणीला साठ तास लागतात. ते काम शाळेच्या वेळेत आणि मुलांसमोर झालेले नाही. कागद उचलून दुसरीकडे नेता येतो, हाच लेखी परीक्षेचा खरा शोध होता. मान यांनी त्या परीक्षेचे गुण सांगितले ते सगळे खरेच आहेत: प्रश्न सर्वांना सारखे, बुजऱ्या मुलाला विचार करायला वेळ, आणि मागे कायमचा पुरावा. पण त्या कायमच्या पुराव्याबरोबर एक कायमचे कामही जन्माला आले. पुढे परीक्षा घेणारी समिती बाजूला झाली, लेखी परीक्षा वर्गात रुजली आणि ते काम वर्गशिक्षकाच्या गळ्यात पडले.

आपल्याकडे ही पद्धत विद्यापीठाच्या वाटेने आली. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचे कॉलेजांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने अशी वाटणी होती. पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीतले. शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, अशी परीक्षा एकदा शिखरावर बसली की खालच्या सगळ्या इयत्ता तिचा सराव करू लागतात. हायस्कुलातली सहामाही आणि वार्षिक परीक्षा, मग घटक चाचणी, अशी ती खाली झिरपत गेली. सराव आला तिथे गठ्ठाही आला.

घर कोणाचे?

काम घरी न्यायचे म्हणजे घरी ते करायला मोकळा हात हवा. जुन्या काळच्या मास्तरांना तो होता, कारण स्वयंपाकघर दुसरे कोणी सांभाळत होते. इंग्लंडमध्ये शिक्षिकेने लग्न केले की नोकरी सोडावी लागे असा नियम कितीतरी शिक्षण मंडळांनी केला होता. तो तिथे १९४४ च्या शिक्षण कायद्याने गेला. त्या नियमामागे इतर कारणे होतीच, पण त्यात एक कबुलीही दडलेली आहे: हे काम आणि घर, दोन्ही एकाच माणसाला पेलणार नाही असे नियम करणाऱ्यांना वाटत होते. नियम गेला ते योग्यच झाले. घरकामाची वाटणी मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. भारतात २०१९ साली झालेल्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असे दिसले की बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिक्षिकेचा गठ्ठा या २९९ मिनिटांनंतर उघडतो. रात्री साडेदहाला भांडी आवरून बसलेल्या बाई आणि सकाळी चहा घेऊन ताजेतवाने बसलेले सर, दोघांच्या लाल पेनाकडून आपण एकाच न्यायाची अपेक्षा करतो.

ती अपेक्षा कितपत पुरी होते? याचे उत्तर भावनेने न देता मोजून देणारी काही माणसे होऊन गेली.

एक पेपर, अनेक परीक्षक

पहिले नाव फ्रान्सिस एजवर्थ यांचे. हे अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. भारतीय सनदी सेवेसारख्या स्पर्धापरीक्षांत एकेका गुणावर माणसाचे आयुष्य ठरत होते, आणि एजवर्थ यांना प्रश्न पडला की या गुणांत दैवाचा भाग किती? खगोलशास्त्रज्ञ एकाच ताऱ्याचे स्थान अनेकदा मोजतात, प्रत्येक वेळी थोडा फरक येतो, आणि त्या फरकाचे एक शास्त्र असते. तेच शास्त्र एजवर्थ यांनी गुणांना लावले. लॅटिन गद्याचा एकच तुकडा त्यांनी २८ जाणकार परीक्षकांकडून तपासून घेतला. शंभरपैकी गुण आले ते ४५ पासून १०० पर्यंत! हा निबंध १८९० साली प्रसिद्ध झाला. लोखंड्यांच्या रविवारचेही तेच साल, हा निव्वळ योगायोग.

लॅटिन गद्यात आवडीनिवडीला वाव असतो, गणितात असे होणार नाही, असे तुम्ही म्हणाल. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनाही लोक हेच म्हणाले होते. त्यांनी १९१२ साली इंग्रजीच्या पेपरांवर असाच प्रयोग केला आणि फरक प्रचंड आला. तेव्हा टीका झाली की भाषेचा विषय आहे, असे होणारच. मग १९१३ साली त्यांनी भूमितीचा एक पेपर हुबेहूब छापून अनेक हायस्कुलांत पाठवला. त्यातले ११६ शिक्षकांचे गुण हिशेबात धरता आले. दोघांनी नव्वदच्या वर गुण दिले आणि एकाने तीसच्या खाली. ४७ शिक्षकांच्या मते मुलगा पास होता, ६९ शिक्षकांच्या मते नापास.

भूमितीत असे का व्हावे? प्रमेयाची पायरी चुकली पण रीत बरोबर असेल तर काही जण निम्मे गुण देतात, काही जण शून्य. आकृती वेडीवाकडी असेल तर कोणी गुण कापतो, कोणी दुर्लक्ष करतो. शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्या कोणालाही हे नवे नाही. नवे होते ते एवढेच की हा फरक किती मोठा असू शकतो याचा आकडा आता समोर आला होता.

तिसरे नाव आपल्या ओळखीचे आहे. डी.एड., बी.एड. करताना आपण सर्वांनी हार्टोग समिती पाठ केली. १९२९ च्या तिच्या अहवालात मुलांच्या गळतीची आणि एकाच इयत्तेत अडकून राहण्याची चर्चा आहे. त्या समितीचे अध्यक्ष सर फिलिप हार्टोग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. मुले नापास होऊन अडकतात हे भारतात पाहिलेला हा माणूस पुढे इंग्लंडमध्ये एका वेगळ्याच प्रश्नामागे लागला: नापास करणारा कितपत विश्वासार्ह? १९३५ साली त्यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्याबरोबर प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शालान्त पातळीवरच्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनी अशा निवडल्या, की मूळ परीक्षेत त्या सगळ्यांना अगदी सारखेच गुण मिळाले होते. त्या १५ अनुभवी परीक्षकांना दिल्या. पंधरा सारख्या पेपरांना मिळून चाळीसहून अधिक वेगवेगळे गुण पडले. पण खरी गंमत पुढची आहे. बारा ते एकोणीस महिन्यांनंतर त्यांतल्या १४ परीक्षकांना तेच पेपर पुन्हा तपासायला दिले. मधल्या काळात आधीचे गुण त्यांच्याजवळ राहणार नाहीत अशी व्यवस्था होती. प्रत्येक पेपराचा निवाडा नापास, पास किंवा विशेष योग्यता असा तीनपैकी एक. १४ परीक्षक आणि १५ पेपर, म्हणजे २१० निवाडे. त्यांतल्या ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच आधीचा निवाडा फिरवला.

म्हणजे दोन परीक्षकांत एकमत नाही हे तर झालेच, एका परीक्षकाचे स्वतःशीही एकमत नाही. हे परीक्षक निष्काळजी नव्हते. माणसाचे मन हे मोजपट्टीसारखे काम करत नाही. आधीचा पेपर उत्तम असेल तर पुढचा साधा पेपर फिका वाटतो. पन्नासाव्या पेपराला पहिल्या पेपराचा उत्साह उरलेला नसतो. हे सगळे रविवारी रात्री अकरा वाजता घडते तेव्हा तर विचारायलाच नको.

पेन्सिलीची रेघ आणि एक शिक्षक

मग हे काम यंत्राला का देऊ नये? हा विचार ज्याने तडीस नेला तो एक शाळामास्तरच होता. रेनॉल्ड जॉन्सन हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आयर्नवुड या गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. मुलांचे पेपर तपासण्याचे काम यंत्राने करता यावे असे त्यांच्या मनात आले. लहानपणी त्यांनी एक खोडी केली होती, असे ते पुढे सांगत. बहिणींना भेटायला येणाऱ्या मुलांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर ते बाहेरून पेन्सिलीने रेघ ओढून ठेवत. मोटार सुरू होत नसे! ठिणगी पडायच्या जागी वीज त्या रेघेवरून निसटून जाई. कारण पेन्सिलीच्या शिसात शिसे नसते, ग्राफाइट असते. ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या थरांत बसलेले असतात आणि प्रत्येक अणूचा एक इलेक्ट्रॉन त्या थरात मोकळा फिरू शकतो. म्हणून कागदावरची रेघ ही एक बारीक तार असते.

मुलाने बरोबर पर्यायासमोर पेन्सिलीने खूण केली, त्या खुणेवर दोन टोके टेकवली, की वीज वाहील. शंभर प्रश्नांच्या शंभर जागी अशी टोके ठेवली आणि सगळ्यांतून वाहणारी वीज एकत्र मोजली, की मीटरचा काटा थेट गुण दाखवील. कल्पना सुरेख होती, पण अडचण आली ती मुलांच्या हाताची. कोणी दाबून लिहितो, कोणी हलके. गडद खुणेतून जास्त वीज जाते, फिक्या खुणेतून कमी. म्हणजे दाबून लिहिणाऱ्याला जास्त गुण!

जॉन्सन यांनी यावर काढलेला तोडगा दहावीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवताना जरूर सांगावा असा आहे. समजा, गडद खुणेचा रोध ५,००० ओहम आहे आणि फिक्या खुणेचा ५०,००० ओहम. सरळ जोडले तर विद्युतधारेत दहापट फरक पडेल. आता प्रत्येक खुणेच्या मार्गात एकसर जोडणीने वीस लाख ओहमचा रोध बसवा. एकूण रोध होईल २०,०५,००० आणि २०,५०,००० ओहम. दहापटीचा फरक सव्वादोन टक्क्यांवर आला. खूण गडद की फिकी हे आता जवळजवळ महत्त्वाचे राहिले नाही. खूण आहे की नाही एवढेच उरले. (आकडे आम्ही समजावण्यासाठी घेतले आहेत, तत्त्व तेच.)

कोलंबिया विद्यापीठातले बेंजामिन वुड हे चाचण्यांच्या तपासणीने गांजलेले प्राध्यापक. त्यांनी या शोधाचा पुरस्कार केला आणि १९३४ साली आयबीएम कंपनीने जॉन्सन यांना नोकरीवर घेतले. १९३८ साली '८०५' हे यंत्र बाजारात आले. सरावलेला माणूस त्यावर तासाला सुमारे आठशे कागद तपासू शकत असे. आपल्या दोनशे चाळीस पेपरांचा गठ्ठा अठरा मिनिटांत! जॉन्सन स्वतः शाळेत परतले नाहीत. १९५६ साली आलेल्या जगातल्या पहिल्या संगणकीय हार्ड डिस्कचे काम त्यांच्याच नेतृत्वाखाली झाले. आता मोठ्या प्रवेशपरीक्षांत गोल रंगवायचा जो कागद मिळतो त्यात खूण विजेने नव्हे तर प्रकाशाने वाचली जाते, पण घराणे तेच.

मात्र या यंत्राने जे केले ते नीट पाहायला हवे. त्याने भूमितीचा पेपर तपासला नाही. प्रमेयाच्या पायऱ्या वाचून 'रीत बरोबर, आकडेमोड चुकली' असे त्याला म्हणता येत नव्हते. त्याला तपासता येईल असा प्रश्न माणसांनी तयार केला. परीक्षकांचे मतभेद संपले, कारण मत देण्याजोगे काही उरले नाही. आमच्या मते हा सौदा कधी फायद्याचा असतो, कधी फार महागात पडतो. संज्ञा आणि सूत्रे पक्की झाली आहेत का हे पाहायला चार पर्याय पुरतात. मुलाला स्वतःचे निरीक्षण दोन वाक्यांत मांडता येते का, हे त्या गोलात मावत नाही. ते वाचायला अजून तरी माणसाचा वेळ लागतो.

शेरे, नोंदी आणि पडदा

गेल्या तीस-चाळीस वर्षांत गठ्ठ्याचे रूप बदलले, वजन नाही. मुलाला नुसता आकडा देऊ नये, काय चुकले ते लिहून सांगावे, हा विचार जगभर पसरला. त्यामागे संशोधनही आहे. इस्राएलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकरा-बारा वर्षांच्या काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा आणि काहींना दोन्ही. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांची कामगिरी सुधारली आणि गोडीही टिकली. दोन्ही मिळालेली मुले फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. म्हणजे आकड्याशेजारी आपण जागून लिहिलेला शेरा मुले बहुधा वाचतच नाहीत. आकडा बघतात आणि शेजारच्याला किती ते विचारतात.

इंग्लंडमध्ये या शेऱ्यांचा अतिरेक झाला. शिक्षकाने एका रंगात लिहायचे, मुलाने दुसऱ्या रंगात उत्तर द्यायचे, शिक्षकाने ते पुन्हा तपासायचे, अशी रीत कितीतरी शाळांत पडली. ती मुलांसाठी कमी आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी जास्त होती. शेवटी २०१६ साली सरकारने नेमलेल्या गटालाच अहवाल लिहून सांगावे लागले की तपासणे अर्थपूर्ण असावे, आवाक्यातले असावे आणि मुलाला उभारी देणारे असावे. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक मूल्यमापनात प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या होत्या. हेतू उत्तम. पण साठ मुले आणि आठ विषय यांचा गुणाकार केला की त्या नोंदी कशा लिहिल्या गेल्या असतील याची कल्पना येते. तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली आणि खपली. त्यासाठी शिक्षकांना आळशी ठरवणे सोपे आहे. तास मोजणे तितके सोपे नाही, म्हणून ते कोणी करत नाही. २०१३ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत तीसहून अधिक देशांतल्या शिक्षकांचे तास मोजले गेले: आठवड्याला सरासरी सुमारे ३८, त्यांतले १९ शिकवण्याचे आणि ५ तपासण्याचे. भारत त्या पाहणीत नव्हता.

तंत्रज्ञानाने गठ्ठा घरातून बाहेर काढण्याचाही प्रयत्न झाला. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सर्व शाखांना लागू केली. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका होत्या. पेपर स्कॅन करून प्राध्यापकांनी केंद्रावर जाऊन संगणकावर तपासायचे. निकाल महिनोन्‌महिने लांबले, तपासणीसाठी मध्ये काही दिवस वर्ग बंद ठेवावे लागले, सुट्टीच्या दिवशीही केंद्रे चालवावी लागली आणि अखेर कुलगुरूंना पद गमवावे लागले. कागदांची हलवाहलव यंत्राने वाचवली खरी, पण वाचणारे डोळे तेवढेच होते आणि त्यांचे तास कोणी आधी मोजले नव्हते.

एक प्रयोग

स्टार्च आणि एलियट यांचा प्रयोग कुठल्याही शाळेत करता येतो आणि त्याला झेरॉक्सचे चार-पाच रुपये पुरतात. सहामाहीच्या गठ्ठ्यातले एक दीर्घ उत्तर निवडा, मुलाचे नाव आणि दिलेले गुण झाका, पाच प्रती काढा आणि त्या विषयाच्या पाच शिक्षकांना द्या. एकमेकांशी न बोलता प्रत्येकाने गुण द्यावेत. कागदाच्या कोपऱ्यात तपासल्याची वेळ लिहावी: शाळेत मधल्या सुट्टीत, घरी सकाळी, घरी रात्री. आणि घड्याळ लावून किती मिनिटे लागली तेही. मग सगळे कागद समोरासमोर ठेवून बोला. कोणाचे बरोबर हे ठरवायची घाई करू नका. कोणी कशाला गुण दिले ते ऐका. दुसऱ्या सत्रात तोच कागद त्याच पाच जणांना पुन्हा द्या.

नववी-दहावीच्या मुलांनाही यात घेता येईल. उत्तरावर गुण द्यायला बसवले की मुले शिक्षकांपेक्षा कडक होतात की सैल, हे पाहण्याची आम्हाला फार उत्सुकता आहे. दोन्ही वेळचे गुण आणि मिनिटे आम्हाला कळवा. शाळेचे नाव दिले नाही तरी चालेल.